लंडनचे नाताळचे दिवे : गाइडसोबतची संध्याकाळ कशी आखावी

नोव्हेंबर लागला की मला ओळखीच्यांचे मेसेज यायला लागतात. "आई-बाबा येताहेत, नाताळच्या दिव्यांची टूर बुक केलीय, चालेल ना?" मी विचारते, कधीची? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : रात्री आठची, उघड्या छताची डबलडेकर, आणि तीसुद्धा विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मग ते दोघं गारठतात, पेंगतात, अर्ध्या वाटेत खालच्या मजल्यावर येऊन बसतात. पैसे जातातच, पण ज्यांच्यासाठी एवढी धडपड केली त्यांना दिवे नीट दिसतच नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

चूक होते ती क्रमात. तिकीट आधी निघतं आणि विचार मागून सुरू होतो. मी गेली काही वर्षं पाहुण्यांना घेऊन ही फेरी करते आहे. तिकीट माझ्या क्रमात चौथं येतं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने वाचा आणि त्याच क्रमाने करा.

टप्पा १ : आधी तारीख पक्की करा

वेस्ट एंडमधले, म्हणजे ऑक्सफर्ड स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट, कार्नबी स्ट्रीट या भागातले दिवे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागायला सुरुवात होते आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत राहतात. त्यामुळे "नाताळचे दिवे" पाहायला नाताळच्याच आठवड्यात जायला हवं, ही समजूत आधी मनातून काढा. तो आठवडा सगळ्यात गर्दीचा आणि सगळ्यात अडचणीचा.

ट्राफल्गर स्क्वेअरमधलं झाड मात्र उशिरा येतं. १९४७ पासून नॉर्वेकडून दर वर्षी येणारं हे झाड डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी उजळतं. नोव्हेंबरात गेलात तर ते दिसणार नाही. पाहुण्यांना ते झाड दाखवायचंच असेल तर डिसेंबरचा पहिला आठवडा उलटू द्या. त्याच्यावरचे दिवे नॉर्वेच्या पद्धतीप्रमाणे वरून खाली सरळ रेषांत सोडलेले असतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर दुकानातल्या झगमगाटानंतर ते झाड "साधंच आहे" असं वाटतं आणि लोक दोन मिनिटांत पाठ फिरवतात.

टाळायच्या तारखा :

- २४ डिसेंबर. संध्याकाळपासून गाड्या लवकर बंद व्हायला लागतात. टूर झालीच तरी घरी परतण्याचा घोर डोक्याला लागून राहतो.
- २५ डिसेंबर. या दिवशी लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, रेल्वे काहीच चालत नाही. ही गोष्ट भारतातून आलेल्या पाहुण्यांना खरीच वाटत नाही, आणि दर वर्षी कोणी ना कोणी यात अडकतं. मोठी दुकानंही कायद्याने बंद असतात.
- २६ डिसेंबर. सेवा कमी असते, उपनगरी रेल्वे बऱ्याच ठिकाणी बंदच असते. लंडनबाहेरून येणाऱ्यांनी हा दिवस धरू नये.
- ३१ डिसेंबर. आतषबाजीसाठी मध्यवर्ती रस्ते बंद होतात.

माझी पसंती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवार, मंगळवार किंवा बुधवारला. शनिवारी खरेदीची गर्दी तर असतेच, मध्य लंडनमध्ये मोर्चेही बहुधा शनिवारीच निघतात, आणि मग बसचा मार्ग ऐन वेळी बदलतो. रविवारची एक खुबी आहे, ती टप्पा ८ मध्ये सांगते.

टप्पा २ : वेळ ठरवा, आणि ती लवकरची ठरवा

"संध्याकाळची टूर" म्हटलं की आपल्याला सात-आठ वाजताची वाटते. डिसेंबरच्या लंडनमध्ये सूर्य चार वाजायच्या आतच मावळतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास, दुपारी ३ वाजून ५१ मिनिटांच्या सुमाराला असतो. साडेचारला पुरता अंधार झालेला असतो. म्हणजे पाचच्या टूरमध्ये आणि आठच्या टूरमध्ये दिव्यांच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही.

फरक पडतो तो माणसांच्या शरीराला. हिवाळ्यात भारताचं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असतं. लंडनमधले संध्याकाळचे पाच म्हणजे नुकत्याच आलेल्या आई-बाबांच्या शरीरासाठी रात्रीचे साडेदहा. लंडनमधले आठ म्हणजे त्यांच्यासाठी पहाटेचा दीड. त्या वेळी दीड-दोन तास थंड वाऱ्यात बसवून ठेवल्यावर ते पेंगले तर त्यांचा काय दोष?

म्हणून दोन नियम. आल्यापासून किमान तीन रात्रींची झोप झाल्याशिवाय टूर ठेवू नका. आणि साडेचार ते साडेपाच यांदरम्यान सुटणारी फेरी मिळत असेल तर तीच घ्या. ऑफिसं सुटण्याची वेळ असल्याने रस्त्यावर वाहनं जास्त असतात, हे खरं. पण बस हळू चालली तर आपलं नुकसान काय? दिवे पाहायलाच तर निघालो आहोत.

> तपासा : ज्या संध्याकाळी टूर आहे त्या दिवशी सकाळी दुसरा मोठा कार्यक्रम नको. म्युझियम, टॉवर ऑफ लंडन, लांबचा प्रवास, सगळं दुसऱ्या दिवशी. दुपारी घरी एक झोप व्हायला हवी.

टप्पा ३ : टूरचा प्रकार माणसं बघून निवडा

पाहण्याचे मुख्य प्रकार चार.

उघड्या छताची डबलडेकर बस सगळ्यांना माहीत असते. वरून दिवे अक्षरशः डोक्याला लागतील इतके जवळ येतात, तो अनुभव दुसऱ्या कशात नाही. पण थंडी सोसण्याची तयारी हवी आणि अरुंद जिना चढता यायला हवा. काही बसच्या वरच्या मजल्याचा पुढचा भाग झाकलेला असतो. साठीच्या पुढच्या पाहुण्यांसाठी अशीच बस शोधा.

बंद कोच गरम असतो, पण काचेवर आतून वाफ धरते आणि रस्त्यावर आडवे टांगलेले दिवे वर बघितल्याशिवाय दिसत नाहीत. खिडकीतून मान वाकडी करून किती वेळ बघणार? थंडी अजिबात सोसत नसेल तरच हा पर्याय.

गाइडसोबतची पायी टूर माझी सगळ्यात आवडती, पण ती चालणाऱ्यांसाठीच. साधारण दोन तास लागतात, आणि गाइड बोलत असताना उभं राहावं लागतं ते वेगळंच. गुडघ्यांसाठी चालण्यापेक्षा हे उभं राहणं जास्त त्रासाचं. गाइडकडे ब्लू बॅज आहे का, ते बघा. ब्रिटनमधल्या प्रशिक्षित पर्यटन-गाइडची ती सर्वांत वरची पात्रता आहे. असा गाइड दिव्यांबरोबर त्या रस्त्याची, इमारतींचीही ओळख करून देतो.

चौथा प्रकार काळ्या टॅक्सीतून केलेली खासगी टूर, आणि घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मी आता हीच सुचवते. लोक ती महाग म्हणून सोडून देतात. पण तिचा दर माणशी नसून टॅक्सीमागे असतो, आणि एका टॅक्सीत पाच जण बसतात. पाच बसतिकिटांचे पौंड आणि एका टॅक्सीचे पौंड शेजारी मांडून पाहा, मगच ठरवा. लंडनच्या सगळ्या काळ्या टॅक्सींमध्ये व्हीलचेअर चढवता येते. नव्या इलेक्ट्रिक टॅक्सींच्या छताला काच असते, त्यामुळे ऊबेत बसून वरचे दिवे दिसतात. वाटेत थांबायला सांगता येतं. बाथरूमला जायचं असेल तरी सोय होते. बुक करताना काचेच्या छताचीच टॅक्सी हवी, असं स्पष्ट लिहून कळवा.

> सावधान : रस्त्यावर गाणी लावून, रंगीत दिवे लावून उभ्या असलेल्या पायडलरिक्षा म्हणजे टूर नव्हे. त्यांत बसायचंच असेल तर भाडं माणशी की सगळ्यांचं मिळून, किती मिनिटांचं, हे बसण्याआधी ठरवा. उतरताना झालेला वाद परक्या शहरात फार महागात पडतो.

टप्पा ४ : आता तिकीट, पण आधी हे वाचा

तिकिटाच्या पानावर फोटो मोठे आणि अटी बारीक अक्षरांत असतात. अटी वाचूनच पैसे भरा. मी बघते त्या गोष्टी अशा :

१. ही खास नाताळच्या दिव्यांची फेरी आहे, की वर्षभर चालणारी रात्रीची साधी फेरी? दुसरीचा मार्ग टॉवर ब्रिज, वेस्टमिन्स्टर असा असू शकतो आणि कार्यक्रमात रीजंट स्ट्रीट असेलच असं नाही. मार्गात ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि रीजंट स्ट्रीट ही दोन नावं दिसली नाहीत तर पुढे जा.

२. बसमध्ये समोर बोलणारा गाइड आहे की कानात रेकॉर्ड केलेलं निवेदन? मार्ग बदलला की रेकॉर्डिंग एक सांगतं आणि बाहेर दिसतं दुसरंच.

३. मधे उतरता येतं का? बहुतेक दिव्यांच्या फेऱ्यांत येत नाही. दिवसाच्या हॉप-ऑन हॉप-ऑफ, म्हणजे हवं तिथे उतरून पुन्हा चढता येणाऱ्या बसची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात.

४. पाऊस आला तर काय? बहुतेक फेऱ्या पावसातही निघतात आणि पैसे परत मिळत नाहीत. तारीख बदलून मिळते का, किती तास आधी कळवावं लागतं, ते बघून ठेवा.

५. आसन क्रमांक मिळतो की आधी येईल त्याला आधी जागा? दुसरा प्रकार असेल तर अर्धा तास आधी रांगेत उभं राहावं लागेल, हे गृहीत धरा.

आणखी एक गोंधळ दर वर्षी बघते. क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानातली दिव्यांची पायवाट, हाइड पार्कमधली विंटर वंडरलँड नावाची जत्रा आणि शहरातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांची टूर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींना ठरावीक वेळेचं वेगळं प्रवेश-तिकीट लागतं, आणि क्यू तर शहराच्या पार नैर्ऋत्येला आहे. एका संध्याकाळी यातलं एकच करा. "वाटेत वंडरलँडही करू" म्हणून निघालेली मंडळी दोन्हीकडे उशिरा पोचतात.

टप्पा ५ : कपडे

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण टूर इथेच फसते.

डिसेंबरात लंडनचं दिवसाचं तापमान साधारण आठ-नऊ अंशांपर्यंत जातं, रात्री तीन-चारपर्यंत उतरतं. आकडे ऐकून नाशिककर, पुणेकर म्हणतात, "एवढी तर आमच्याकडेही पडते." पण तुमच्याकडे त्या थंडीत कोणी चालत्या बसच्या छतावर दीड तास हात बांधून बसत नाही. चालताना अंग तापतं, बसल्यावर तापत नाही. त्यात बसचा वारा आणि हवेतला ओलावा. टेम्सवरच्या पुलावर बस आली की तो वारा कानांतून आत शिरतो.

एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे : अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारा टोपीचा कोट. साडी नेसायची असेल तर परकराखाली थर्मल लेगिंग घालायलाच हवं, आणि पदर कोटाच्या आत खोचून पिन लावा. माझ्या मावशीने पहिल्या वर्षी कोटावरून शाल पांघरली होती. बस सुटल्या सुटल्या वाऱ्याने ती उडून मागच्या माणसाच्या तोंडावर गेली, आणि पुढचा सगळा वेळ तिचे दोन्ही हात शाल धरण्यातच गेले. रीजंट स्ट्रीट आला तेव्हा तिने वर बघितलं, पण एक हात सोडून बोट दाखवणं काही तिला जमलं नाही. आता आम्ही मफलर गळ्याभोवती गुंडाळून त्याची टोकं कोटात घालतो आणि मगच घराबाहेर पडतो.

पायांसाठी जाड मोजे, पण बुटात बोटं हलली पाहिजेत. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाले तर पाय उलट जास्त गारठतात. चपला, सँडल, कापडी बूट नकोत. हातमोजे फोनच्या पडद्यावर चालणारे घ्या, नाहीतर प्रत्येक फोटोला एक हात उघडा पडतो.

उघड्या बसवर छत्री उपयोगाची नाही. वाऱ्यात उलटते आणि मागच्यांचं सगळं दृश्य अडवते. टोपीचा रेनकोट बरोबर ठेवा. आणखी दोन वस्तू पिशवीत हव्यात, ज्या कोणी सांगत नाही : एक जुना नॅपकिन आणि बसायला प्लास्टिकची जाडसर पिशवी. दुपारी पाऊस पडून गेलेला असला तर वरच्या मजल्यावरच्या बाकांच्या खोलगटात पाणी साचलेलं असतं. अंधारात ते दिसत नाही, बसल्यावर कळतं.

> तपासा : निघण्याआधी सगळ्यांना पूर्ण कपड्यांत पाच मिनिटं दारात किंवा बाल्कनीत बसवा. उभं नाही, बसवा. कोणाला कुठे गार लागतं ते तिथेच कळतं.

टप्पा ६ : भेटण्याची जागा आणि तिथवरचा प्रवास

तीन वर्षांपूर्वी माझे एक काका-काकू फेरीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं ट्राफल्गर स्क्वेअरला पोचले. तिकिटावर चौकाचं नाव होतं, पुढे काही नाही. ते एका बाजूला उभे राहिले आणि बस दुसऱ्या बाजूच्या थांब्यावरून सुटून गेली. मला फोन आला तेव्हा काकू दगडी पायरीवर बसलेल्या होत्या आणि काका प्रत्येक लाल बसला हात करत होते. तेव्हापासून मी नुसत्या चौकाच्या नावावर कोणाला पाठवत नाही.

लंडनमधल्या बसथांब्यांच्या खांबावर वरच्या बाजूला लाल गोलात इंग्रजी अक्षर लिहिलेलं असतं. एकाच चौकात असे दहा-दहा थांबे असू शकतात. टूर कंपनीला मेसेज करून थांब्याचं अक्षर, रस्त्याचं नाव, रस्त्याची बाजू आणि समोरच्या ओळखीच्या इमारतीचं नाव मागून घ्या. मग नकाशावर रस्त्याचं छायाचित्र उघडून तो थांबा डोळ्यांनी बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाहुण्यांच्या फोनमध्ये ठेवा. त्यांच्या फोनला नेट नसलं तरी चित्र दिसेल.

तिथे पोचण्यासाठी :

- लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासाचं, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) हवं. एका कार्डावर दोघं ट्यूबच्या फाटकातून जाऊ शकत नाहीत. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट असते, ट्यूबही तिकीट असलेल्या मोठ्यांबरोबर फुकट.
- ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनवर उतरू नका. गर्दी वाढली की ते प्रवेशासाठी मधूनच बंद करतात, आणि आई-बाबांचा हात धरून त्या लोंढ्यातून वर येणं म्हणजे परीक्षा.
- कॉव्हेंट गार्डन स्टेशनही टाळा. तिथे लिफ्टसाठी रांग लागते, आणि जिना घ्यावा तर १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत या. ही दोन स्टेशनं एकमेकांपासून तीनशे मीटरही लांब नाहीत.

थांब्यावर पोचण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं. "मला नाही लागलेली" म्हणणाऱ्यांनीसुद्धा. थंडीत लघवी लवकर लागते आणि बसमध्ये सोय नसते. मोठ्या दुकानांत, म्युझियममध्ये, मोठ्या रेल्वे स्टेशनांत सोय आहे. ट्राफल्गर स्क्वेअरजवळ असाल तर नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट आहे. फक्त ती आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळी सहाला बंद होते, हे लक्षात ठेवा.

> सावधान : बस यायच्या आधी गरम चहा-कॉफीचा मोठा ग्लास पिऊ नका. ऊब पाच मिनिटांची, त्रास दीड तासाचा. चहा टूर संपल्यावर.

टप्पा ७ : बसमध्ये

सगळ्यात पुढची सीट सगळ्यांना हवी असते. पण उघड्या बसवर वारा तिथेच सगळ्यात जास्त असतो. पुढचा भाग झाकलेला असेल तर पुढे बसा. छत पूर्ण उघडं असेल तर मधल्या रांगा बऱ्या, समोरच्यांच्या पाठीचा आडोसा मिळतो. डावी बाजू की उजवी, याचा फार विचार नको. ऑक्सफर्ड आणि रीजंट स्ट्रीटवरचे दिवे रस्त्यावर आडवे टांगलेले असतात, ते दोन्हीकडून सारखेच दिसतात. दुकानांच्या सजवलेल्या काचा मात्र डाव्या बाजूने जवळून दिसतात, कारण तिथेही वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात.

बस चालू असताना उठून उभं राहायचं नाही. झाडाच्या फांद्या आणि टांगलेल्या तारा खरोखर जवळून जातात. मुलांना आतल्या बाजूला बसवा.

पिकॅडिली सर्कसहून बस रीजंट स्ट्रीटच्या वळणावर शिरते, त्या आधी फोन खाली ठेवा. तो रस्ता सरळ नाही, कमानीसारखा वळतो, त्यामुळे सगळे दिवे एकदम दिसत नाहीत. गेली काही वर्षं तिथे प्रकाशाचे देवदूत टांगतात. आधी एकाचे पंख दिसतात, मग वळण उलगडत जातं तसतसे मागचे, त्यांच्यामागचे. बस त्यांच्या बरोबर खालून जाते तेव्हा पंखांतला एकेक दिवा सुटा दिसतो, मधल्या बारीक तारा दिसतात. गेल्या वर्षी बाबा तिथे काहीच बोलले नाहीत, त्यांनी नुसती कानटोपी थोडी मागे सारली. ते पहिलं अर्धं मिनिट डोळ्यांनी बघा.

फोटोंचं थोडक्यात

कॅमेऱ्याची काच पुसा. खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यावर बोटांचे डाग असतात आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं ते त्यामुळेच. दिव्यावर बोट ठेवून फोकस धरा आणि उजेड थोडा कमी करा, म्हणजे दिव्यांचा पांढरा गोळा न होता आकार दिसतो. नाइट मोड चालत्या बसमध्ये उपयोगाचा नाही, बस सिग्नलला थांबली की वापरा. व्हिडिओत एलईडी दिवे लुकलुकताना दिसले तर सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम निवडा. ब्रिटनची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ते लुकलुकणं बरंच कमी होतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. फ्लॅश बंद.

टप्पा ८ : बस जिथे जात नाही तिथे पायी

बसने शहर दिसतं, पण लंडनचे काही सुंदर दिवे अशा गल्ल्यांत आहेत जिथे बस शिरूच शकत नाही. टूर संपली की लोक थेट ट्यूब गाठतात, ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. अर्धा तास कुठेतरी ऊबेत बसा, चहा घ्या, काही खा, आणि मग ज्यांच्यात ताकद आहे त्यांनी ही फेरी करा. थकलेल्यांनी दुसऱ्या दिवशी करावी, वेगळं तिकीट लागत नाही.

१. बाँड स्ट्रीट स्टेशनपासून सुरुवात. न्यू बाँड स्ट्रीट आणि पुढे ओल्ड बाँड स्ट्रीटने दक्षिणेकडे, पिकॅडिली या रस्त्यापर्यंत.

२. पिकॅडिलीवर फोर्टनम अँड मेसन या दुकानाच्या इमारतीसमोर थांबा. नाताळात तिचा दर्शनी भाग ॲडव्हेंट कॅलेंडरसारखा (नाताळपर्यंतचे दिवस मोजायचं, रोज एक खिडकी उघडायचं कॅलेंडर) सजवतात, खिडक्यांवर दिवसांचे आकडे असतात. नीट बघायचं तर रस्त्याच्या समोरच्या बाजूने बघा. जवळच बर्लिंग्टन आर्केड ही छताखालच्या दुकानांची गल्ली आहे, पण दुकानं बंद झाली की तिची दारं लागतात, तेव्हा ती हवी असेल तर लवकर पोचा.

३. पिकॅडिली सर्कसहून रीजंट स्ट्रीटने वर चालत या आणि उजवीकडे बीक स्ट्रीटने कार्नबी स्ट्रीटला शिरा. इथे वाहनं नाहीत, मान वर करून निवांत चालता येतं. इथली सजावट डोक्याच्या अगदी वर, रंगीत, आणि मुलांना सगळ्यात आवडते ती हीच.

४. सोहोतून पूर्वेकडे सेव्हन डायल्स. सात रस्ते एका खांबाशी येऊन मिळतात. खांबाशी उभं राहून एकदा सावकाश पूर्ण गोल फिरा. घाईत लोक एका रस्त्याने येतात, दुसऱ्याने जातात, उरलेले पाच बघतच नाहीत.

५. कॉव्हेंट गार्डनचा चौक. बाहेरचं मोठं झाड सगळे बघतात, पण जुन्या बाजाराच्या छताखालची सजावट आत गेल्याशिवाय दिसत नाही. फरशी दगडी आणि ओबडधोबड आहे, वडीलधाऱ्यांचा हात धरा.

६. शेवट ट्राफल्गर स्क्वेअरच्या झाडापाशी.

अंतर सगळं मिळून चार ते पाच किलोमीटर, थांबत थांबत दोन तास. बऱ्याच रस्त्यांवरचे दिवे रात्री अकराच्या सुमारास मालवतात, तेव्हा आठच्या आत निघा.

आता रविवारची खुबी. इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहा तासच उघडं राहता येतं, आणि तेही संध्याकाळी सहाच्या आतच. सहानंतर खरेदीची गर्दी घरी जाते आणि दिवे तसेच चालू असतात. पायी फेरी दुसऱ्या दिवशी करणार असाल तर रविवारी साडेसहाला सुरू करा. ढकलाढकली न होता आई-बाबांना चालता येईल अशी नाताळातली एवढीच वेळ मला सापडली आहे.

> सावधान : फूटपाथच्या कडेला उभं राहून फोन हातात धरू नका. मध्य लंडनमध्ये ई-बाइकवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार होतात. फोटो काढायचा तर भिंतीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी धरून. फोनच्या कव्हरमध्ये बँकेचं कार्ड ठेवू नका. तातडीच्या मदतीसाठी ९९९.

टप्पा ९ : परतीचा रस्ता आधीच ठरलेला हवा

ट्राफल्गर स्क्वेअरला शेवट ठेवण्याचं कारण हेच की तिथून चेरिंग क्रॉस स्टेशन समोरच आहे आणि एम्बँकमेंट स्टेशन पाच-सात मिनिटांवर. दोन्हीकडे ऑक्सफर्ड सर्कसपेक्षा गर्दी पुष्कळ कमी. कोणी चुकलं तर कुठे भेटायचं तेही निघण्याआधी सांगून ठेवा. मी सांगते : झाडाच्या पायथ्याशी. तिथे गर्दी असली तरी ते लांबून दिसतं आणि कोणालाही विचारता येतं.

गाडीत बसल्यावर ऊब लागते, सगळे हातमोजे, टोप्या काढतात आणि मांडीवर ठेवतात. उतरायच्या एक स्टेशन आधी उठा आणि मोजा : हातमोजे जोडीने, टोप्या, मफलर, फोन, आणि ती नॅपकिनची ओली पिशवी.